पहिल्या नंबरावर आलेला ‘फ्लॉप’ अल्बम

‘अलॅनिस मॉरिसेटचा दुसरा अल्बम आपटला’ हे वाक्य मी कॉलेजात ऐकलं, पहिल्या नोकरीत ऐकलं, आणि परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका पोराकडूनही ऐकलं. हा अल्बम आला तेव्हा त्या पोराचा जन्मही झालेला नव्हता. तू ऐकलायस का तो, असं विचारलं तर म्हणे नाही. मग आपटला हे कसं कळलं? तर म्हणे सगळ्यांना माहितीये. पेपर न बघता निकाल पाठ असणं हा आपल्याकडचा जुना रोग आहेच, पण इथे मजा अशी की निकालही चुकीचा पाठ आहे.

ज्या अल्बमबद्दल हे बोललं जातं त्याचं नाव ‘सपोज्ड फॉर्मर इन्फॅच्युएशन जंकी’. (नाव ठेवतानाच तिने दुकानदारांवर सूड उगवला असावा.) ३ नोव्हेंबर १९९८ ला तो बाहेर आला. पहिल्या आठवड्यात एकट्या अमेरिकेत ४ लाख ६९ हजार प्रती खपल्या. तोवर कुठल्याच गायिकेच्या अल्बमची पहिल्या आठवड्याची विक्री एवढी झाली नव्हती. बिलबोर्ड २०० वर तो थेट पहिल्या नंबरावर आला आणि दोन आठवडे तिथेच राहिला. पुढे अमेरिकेत तीस लाख प्रतींबद्दल ट्रिपल प्लॅटिनम मिळालं. ह्याला म्हणायचं आपटणं! मग आपल्यापैकी ज्यांची रिलीज वेळेवर गेली, युजर आले, फक्त मागच्या रिलीजपेक्षा कमी आले, त्यांनी राजीनामेच द्यायला पाहिजेत.

ह्या सगळ्या गोंधळाचं मूळ अर्थातच १९९५ च्या ‘जॅगेड लिटल पिल’मध्ये आहे. ज्यांना ते दिवस माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. अलॅनिस ही कॅनडातल्या ओटावाची मुलगी. टीनएजर असतानाच तिचे कॅनडात दोन डान्स-पॉप अल्बम येऊन गेले होते, १९९१ आणि १९९२ मध्ये. (म्हणजे ‘दुसरा अल्बम’ हा मुळात चौथा, पण असो.) दुसरा तितकासा चालला नाही आणि तिचा कंपनीशी असलेला करार संपला. मग ती लॉस एंजेलिसला आली, तिथे ग्लेन बॅलर्ड ह्या निर्मात्याशी गाठ पडली. दोघं बॅलर्डच्या घरच्या स्टुडिओत बसून जवळपास दिवसाला एक गाणं लिहीत आणि रेकॉर्ड करत. त्या कच्च्या रेकॉर्डिंगमधला तिचा आवाज बऱ्याच ठिकाणी तसाच अल्बममध्ये ठेवला गेला. १३ जून १९९५ ला मॅडोनाच्या भागीदारीतल्या मॅव्हरिक कंपनीने तो काढला, तेव्हा अलॅनिसने नुकतीच एकविशी गाठली होती.

तो अल्बम बिलबोर्ड २०० वर कितव्या नंबरावर आला? एकशे सतराव्या. फार कोणाची अपेक्षाही नव्हती. मग लॉस एंजेलिसच्या केआरओक्यू ह्या रेडिओ स्टेशनने ‘यू ऑटा नो’ वाजवायला सुरुवात केली, दुसऱ्या स्टेशनांनी ते उचललं, एमटीव्हीने उचललं, आणि अल्बम एकेक पायरी चढत ऑक्टोबरमध्ये पहिल्या नंबरावर पोचला. मधे खालीवर होत एकूण बारा आठवडे तो तिथे होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’ धरून चार ग्रॅमी. जगभर तीन कोटींहून जास्त प्रती.

आता हे दोन ग्राफ शेजारी ठेवा. एक ११७ पासून हळूहळू १ कडे जाणारा. दुसरा १ पासून सुरू होऊन खाली येणारा. रोज डॅशबोर्ड बघणारी माणसं आहोत आपण, आपल्याला हे कळायला दोन मिनिटं पुरतात. पहिल्या आठवड्यात जो अल्बम विकत घेतो त्याने तो ऐकलेला नसतो. फार तर रेडिओवर एखादं गाणं ऐकलेलं असतं. म्हणजे पहिल्या आठवड्याचा आकडा नव्या अल्बमबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तो सांगतो की मागच्या अल्बमने किती लोकांचा विश्वास कमावला होता. १९९५ च्या जूनमध्ये तिच्यावर अमेरिकेत विश्वास ठेवायला कोणाला काही कारणच नव्हतं, म्हणून ११७. १९९८ च्या नोव्हेंबरमधले ४ लाख ६९ हजार ही ‘जॅगेड लिटल पिल’ची मार्कशीट होती, फक्त तीन वर्षं उशिरा हातात पडलेली.

ह्यावर कोणी हुशार म्हणेल की ठीक आहे, पहिला आठवडा सोड, रिटेन्शन बघ. तिथे तर गळती दिसतेच ना? दिसते. मी नाकारत नाही. पण गळती कोणाची झाली तेही बघा की. तीन कोटी लोकांच्या घरी आधीचा अल्बम होता. त्यातल्या बहुतेकांना ‘यू ऑटा नो’चा भाग दोन हवा होता, तीच चिडलेली पोरगी, तसंच सगळ्यांना गुणगुणता येईल असं ध्रुवपद. त्यांना मिळाली सतरा गाणी, सत्तर मिनिटांच्या वर, आणि त्यातल्या कित्येकांत यमकाचा पत्ता नाही. पॅकेट उघडल्यावर भलताच पदार्थ निघाला म्हणून गिऱ्हाईक गेलं, ह्यावरून पदार्थ वाईट होता हे सिद्ध होत नाही. वेगळा होता एवढंच होतं. आणि ‘जॅगेड लिटल पिल’ हीच मोजपट्टी धरायची तर आजवर निघालेल्या जवळपास सगळ्याच अल्बमांना फ्लॉप म्हणावं लागेल. सचिनने शारजाला लागोपाठ दोन शतकं मारली म्हणून पुढच्या मॅचमधल्या सत्तर रन्सना कोणी अपयश म्हणायला लागलं तर आपण त्याला येड्यात काढू. इथे मात्र माना डोलावतो.

माझा खरा राग मात्र ह्या आकड्यांच्या पवित्र्यावर आहे. चार्ट म्हणजे जनतेचा कौल, असं जे आपण धरून चालतो, त्यात मोजणाऱ्याचा हात किती असतो ते बघायला पाहिजे.

मे १९९१ पर्यंत बिलबोर्डचा अल्बम चार्ट कसा बनायचा? दुकानांना विचारून. दुकानातला माणूस सांगणार की ह्या आठवड्यात काय काय चाललंय, आणि त्यावरून क्रम लागणार. मग २५ मे १९९१ पासून साउंडस्कॅन आलं, म्हणजे काउंटरवरच्या बारकोडवरून थेट विक्रीची मोजणी. आणि काय झालं? जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. ह्या रॅप ग्रुपचा अल्बम दुसऱ्या नंबरावर उगवला आणि पुढच्याच आठवड्यात पहिला झाला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्स हा कंट्री गायक थेट पहिल्या नंबरावर अवतरला. अमेरिकेची आवड काही एका उन्हाळ्यात बदलली नव्हती. रॅप आणि कंट्री ऐकणारे लोक आधीही होतेच, फक्त काउंटरमागच्या माणसाला ते दिसत नव्हते. मोजमाप बदललं आणि ‘जनतेचा कौल’ बदलला.

सिंगल गाण्यांच्या हॉट १०० चार्टचा किस्सा तर ह्याहून भारी आहे. डिसेंबर १९९८ च्या सुरुवातीपर्यंत नियम असा होता की जे गाणं स्वतंत्र सिंगल म्हणून दुकानात विकायला नाही ते ह्या चार्टवर येऊच शकत नाही, मग रेडिओवर दिवसरात्र वाजत का असेना. आणि कंपन्यांनी नव्वदच्या दशकात काय केलं? लोकप्रिय गाण्याचा सिंगल काढायचाच नाही. गाणं पाहिजे? मग घ्या पूर्ण अल्बम. (आपल्याकडे आवडत्या एका गाण्यासाठी नको असलेल्या नऊ गाण्यांची कॅसेट घेतलेल्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.) परिणाम असा की ज्या ‘यू ऑटा नो’ने अख्खं १९९५ साल हलवलं ते गाणं त्या वर्षी हॉट १०० वर नव्हतंच. पुढच्या वर्षी त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग ‘यू लर्न’च्या सिंगलवर जोडून आलं तेव्हा कुठे ते सहाव्या नंबरापर्यंत गेलं.

आणि ती एकटी नाही. नो डाउटचं, म्हणजे ग्वेन स्टेफानीने गायलेलं, ‘डोन्ट स्पीक’ रेडिओच्या चार्टवर सोळा आठवडे पहिलं होतं. हॉट १०० वर? शून्य नोंद. नॅटली इम्ब्रुलियाचं ‘टॉर्न’ रेडिओवर अकरा आठवडे पहिलं. हॉट १०० वर ते नियम बदलल्यावर, जोर ओसरल्यावर आलं आणि बेचाळीसपर्यंत गेलं. उद्या कोणी डेटाबेस उघडून १९९८ च्या मोठ्या गाण्यांची यादी काढली तर त्याला ‘टॉर्न’ एक मध्यम यशाचं गाणं दिसेल. बग डेटामध्ये आहे, पण निष्कर्ष आत्मविश्वासाने निघणार. अलॅनिसचं ‘अनइन्व्हायटेड’ हे ‘सिटी ऑफ एंजल्स’ सिनेमातलं गाणं त्याच साली रेडिओवर सतत वाजत होतं, त्याला १९९९ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले, आणि सिंगल विकायला नसल्यामुळे हॉट १०० च्या हिशेबात ते गाणंच नाही.

पुढेही हेच. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्ड २०० मध्ये स्ट्रीमिंग धरायला लागले, तेव्हा १५०० वेळा गाणं वाजलं की एक अल्बम विकला असं समजायचं ठरलं. १५०० च का? कोणीतरी मीटिंगमध्ये ठरवलं म्हणून. २०१८ मध्ये पैसे भरणाऱ्यांचे १२५० आणि फुकट्यांचे ३७५० असा नवा भाव निघाला. माझं ह्या मीटिंगवाल्यांशी भांडण नाही, मोजायचं तर कुठेतरी आकडा धरावाच लागतो. भांडण आहे ते ह्या आकड्याला देवाचा शब्द समजणाऱ्यांशी.

आता मुद्दा बाईचा. हा टाळून पुढे जाता येत नाही.

‘जॅगेड लिटल पिल’ चालला तेव्हा एक कुजबुज सगळीकडे होती की हे सगळं त्या बॅलर्डचं काम. तो मायकल जॅक्सनच्या ‘मॅन इन द मिरर’चा सहलेखक, विल्सन फिलिप्सचा निर्माता, मुरलेला माणूस. ही पोरगी काल-परवापर्यंत केस फुगवून डान्सची गाणी म्हणत होती, हिला एवढा राग आला कुठून? कोणीतरी घडवलेली दिसते. बरं, तीन वर्षांनी ‘जंकी’ला निर्माता कोण होता? तोच, ग्लेन बॅलर्ड. ह्या वेळी मात्र खप कमी झाल्यावर कोणी म्हटलं नाही की बॅलर्ड आपटला. ती आपटली. यश आलं तर मागे पुरुष उभा होता, आणि उतरण लागली तर बाई भरकटली, तिचं डोकं फिरलं, ती फार अध्यात्मिक झाली. क्रेडिट एका खात्यात आणि डेबिट दुसऱ्या, अशी ही हिशेबाची वही.

रेडिओचीही तीच तऱ्हा. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या स्टेशनांवर एक अलिखित नियम होता की दोन गायिकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत, ऐकणारे कंटाळतात म्हणे. दोन पुरुष लागोपाठ आले तर कंटाळत नाहीत, बावीस आले तरी नाहीत. साराह मॅक्लाक्लन ह्या कॅनेडियन गायिकेने ह्याच वैतागातून १९९७ मध्ये फक्त गायिकांची आणि गायिका पुढे असलेल्या बँड्सची ‘लिलिथ फेअर’ ही फिरती मैफल काढली, आणि ती धो धो चालली. तरी १९९९ च्या वूडस्टॉकच्या मुख्य स्टेजवर गायिका किती? शेरिल क्रो, ज्यूएल आणि अलॅनिस. बाकी लिम्प बिझकिट, कॉर्न आणि त्यांचे भाऊबंद. ज्या रेडिओने १९९५ मध्ये चिडलेल्या बाईला जागा दिली होती, त्याच रेडिओला १९९९ मध्ये चिडलेले पुरुष जास्त आवडायला लागले होते. अशा बाजारात सत्तर मिनिटांचा, ध्रुवपदाशी फटकून वागणारा अल्बम घेऊन एक बाई उतरते, तीस लाखांचं प्लॅटिनम घेऊन येते, आणि आपण विचारतो, ‘तीन कोटी का नाहीत?’

बरं, अल्बम आहे तरी कसा? (माझ्या कॅन्टीनमधल्या मित्रा, हे तुझ्यासाठी.)

‘जॅगेड’चा दीड वर्षाचा अखंड दौरा संपल्यावर अलॅनिस पार थकली होती. ती सुट्टी घेऊन आईला आणि काही जवळच्या मंडळींना बरोबर घेऊन भारतात आली. ‘थँक यू’ हे गाणं त्या प्रवासातून निघालं, आणि त्यात तिने ज्यांचे आभार मानलेत त्यांत चक्क आपल्या देशाचं नाव आहे. आमच्या हॉस्टेलवर त्याचं कोण कौतुक! पण खरी गंमत त्या गाण्यात नाही, ‘बाबा’ नावाच्या गाण्यात आहे. पाश्चात्त्य माणूस भारतात आला की गुरूच्या पायाशी लोळण घेतो आणि जाताना शांती विकत घेऊन जातो, हे आपण बीटल्सपासून बघत आलोय. अलॅनिसही आली, पण परत जाऊन तिने जे लिहिलं ते गुरूच्या मागे धावणाऱ्या त्याच गोतावळ्याची खिल्ली उडवणारं, करकरीत गिटारवर चिडून म्हटलेलं गाणं. ती अध्यात्मिक होऊन बिघडली असं म्हणणाऱ्यांनी हे एक गाणं जरी ऐकलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. ज्या पुण्यामुंबईत प्रत्येक सोसायटीत कोणत्या ना कोणत्या बाबांचा सत्संग चालतो तिथे तर ते जास्तच लागू पडतं.

मग ‘अनसेंट’. जुन्या प्रियकरांना लिहिलेली आणि न पाठवलेली पत्रं, एकामागून एक. ध्रुवपद नाहीच. ‘यू ऑटा नो’मध्ये जी मुलगी एका माणसाच्या नावाने ठणाणा करत होती तीच इथे पाच जणांशी नीट बोलते. कोणाची माफी मागते, कोणाला सरळ सांगते की तू मला वाईट वागवलंस. रागाकडून हिशेबापर्यंत आलेली बाई ही रागावलेल्या बाईपेक्षा कमी विकली जाते ह्यात मला आश्चर्य वाटत नाही. पण कंपनीने असलं गाणं सिंगल म्हणून काढलं ह्याचं मला आजही कौतुक आहे. ‘फ्रंट रो’मध्ये तिचेच दोन आवाज एकमेकांवर चढत जातात, आणि पहिल्यांदा ऐकताना टेप खराब झाली की काय असं वाटतं. ‘दॅट आय वुड बी गुड’मध्ये ती स्वतः बासरी वाजवते, जरा अडखळत, आणि तेच छान वाटतं.

सगळंच उत्तम आहे असं म्हणत नाही मी. सतरा गाणी ही उधळपट्टी आहे, मधली तीन-चार सहज कापता आली असती. काही ठिकाणी शब्द चालीत मावत नाहीत आणि ती ते बळेच कोंबते, मुंबई लोकलमध्ये शेवटचा माणूस शिरतो तसे. पण ह्यातली एकही तक्रार चार्टवरून कळत नाही. त्यासाठी अल्बम ऐकावा लागतो, आणि नेमकं तेवढंच करायची कोणाची तयारी नाही.

‘थँक यू’च्या व्हिडिओचंही तेच. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर ती विवस्त्र, लांब केसांनी अंग झाकून उभी आहे. त्यावर एवढी चर्चा झाली की उरलेल्या सोळा गाण्यांबद्दल बोलायला कोणाकडे वेळच राहिला नाही. आमच्याकडेही. हॉट १०० वर ते गाणं सतराव्या नंबरापर्यंत गेलं, कॅनडात पहिलं आलं. म्हणजे सीमेच्या ह्या बाजूला ‘ठीकठाक’ आणि त्या बाजूला सुपरहिट. गाणं तेच.

जाता जाता, आकड्यांवरच ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्यासाठी एक आकडा. २००२ मध्ये अलॅनिसचा पुढचा अल्बम आला, ‘अंडर रग स्वेप्ट’. ह्या वेळी बॅलर्ड नाही. लिहिलं तिने, निर्मितीही तिचीच. तो बिलबोर्ड २०० वर कितवा आला? पहिला. आता वर मी जे पहिल्या आठवड्याबद्दल म्हटलं ते इथे लावा. ह्या लोकांनी नवा अल्बम ऐकलेला नव्हता. ते मागच्या भरवशावर दुकानात गेले होते, आणि त्यांच्यासमोरचा मागचा स्टुडिओ अल्बम ‘जॅगेड’ नव्हता. आकडा १९९८ च्या निम्म्याहून कमी होता, हे खरंय, ते मी लपवत नाही. पण सव्वातीन वर्षं ‘आपटला, आपटला’ ऐकूनही त्या आठवड्यात अमेरिकेत दुसऱ्या कोणाच्याही अल्बमपेक्षा जास्त माणसं रांगेत उभी राहिली, ती ‘जंकी’ घरी ऐकून झाल्यावर.